अर्धा अधिक अर्धा म्हणजे पाऊण

लश्करच्या दालबाजारात जे विकायला असतं, त्यातलं बहुतेक सगळं अर्धं असतं. देवानं तूर अख्खी दिली, हरभरा अख्खा दिला, मूग-मसूर अख्खे दिले. माणसानं ते भरडले, एकेका दाण्याचे दोन-दोन तुकडे केले आणि त्या तुकड्यांसाठी भला थोरला बाजार वसवला. ज्याचे तुकडे झाले नाहीत तो दाणा इथे 'साबुत' म्हणून वेगळ्या गोणीत बसतो आणि वेगळ्या भावानं जातो. थोडक्यात, या बाजारात अपूर्णांक हा नियम आणि पूर्णांक हा अपवाद. आणि या बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहणारी आमची नात पाचवीत अपूर्णांकांच्या बेरजेत नापास होऊन आली.

नापास हा शब्द आता शाळेत चालत नाही म्हणे. प्रगतिपत्रकावर 'सुधारणेस वाव आहे' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं. आमच्या वेळी वाव नसे, छडी असे. उत्तरपत्रिका मी चष्मा लावून पाहिली. पहिलंच गणित: १/२ + १/३ = २/५.

खरं सांगू का, या उत्तरात न्याय आहे. वरच्यानं वरच्याशी जमवलं, खालच्यानं खालच्याशी. जुन्या लश्करातल्या सोयरिकी याच पद्धतीनं ठरत आणि त्यांना कोणी लाल शाईनं फुली मारली नाही. अडचण एवढीच, की अर्ध्यात तिसरा हिस्सा मिळवून जे आलं ते मुळातल्या अर्ध्यापेक्षाही कमी. आवक झाली आणि शिल्लक घटली, हा अनुभव आम्हा पेन्शनरांना दर महिन्याला येतो; पण तो पाचवीच्या वहीत इतक्या लवकर यावा असं काही वाटलं नव्हतं.

"आबा, मॅम म्हणतात हर वेगळे असले की सीधा जोड नाही करायचा," नात म्हणाली. ग्वाल्हेरच्या मराठी घरातलं मूल गणित तीन भाषांत चुकतं. हिंदीत त्याला 'हर' आडवा येतो, इंग्रजीत 'डिनॉमिनेटर' आणि घरी आल्यावर आजोबांचा 'छेद'.

"मग कसा करायचा?"

"उलटा," ती म्हणाली.

पोरीचं सांत्वन करावं म्हणून मी तिला अमेरिकेची गोष्ट सांगितली. १९७८ साली तिथल्या सरकारी चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक सोपा प्रश्न विचारला होता. १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारण किती? मांडून करायची नाही, नुसता अंदाज सांगायचा. पर्याय चार: १, २, १९, २१. आता १२/१३ म्हणजे जवळजवळ एक आणि ७/८ म्हणजेही जवळजवळ एक. म्हणजे उत्तर साधारण दोन. दालबाजारातल्या कुठल्याही हमालाला विचारा, जवळपास भरलेलं पोतं आणि आणखी एक जवळपास भरलेलं पोतं मिळून किती पोती? तो तुमच्याकडे कीव येऊन बघेल. पण अमेरिकेतल्या त्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यानं दोन म्हटलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ ठोकून दिलं, कारण बारा आणि सात एकोणीस, तेरा आणि आठ एकवीस. चंद्रावर माणूस उतरवून नऊ वर्षं झालेल्या देशाची ही गत. नातीला हे ऐकून फार बरं वाटलं. इतकं, की पुढच्या चाचणीलाही तिनं अभ्यास केला नाही.

मग घरच्यांनी मनावर घेतलं, आणि घरच्यांनी मनावर घेतलं की मुलाचं काय होतं ते आपण जाणतोच. सूनबाईंनी लसावि समजावला. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. आमच्या पिढीत हे नाव निम्म्या वर्गाला अर्थाशिवाय पाठ होतं आणि उरलेल्या निम्म्याला तेही नव्हतं. पुण्याहून मुलानं व्हिडिओ कॉलवर 'बटरफ्लाय मेथड' शिकवली. दोन अपूर्णांक शेजारी लिहायचे, तिरप्या रेघांनी वरचा-खालचा आकडा जोडून पंख काढायचे, पंखांवर गुणाकार लिहायचे, खाली पोट काढायचं, त्यात छेदांचा गुणाकार भरायचा. नातीनं फुलपाखरू सुरेख काढलं. मिशा काढल्या, पंखांवर ठिपके दिले, स्केचपेननं रंगवलं. पोटात १/२ आणि १/३ साठी ५ लिहिले. फुलपाखराबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

ज्या गणिताला पंख आणि मिशा काढाव्या लागतात त्यात मुलांचं डोकं कमी नसून आपल्या सांगण्यात काहीतरी घोळ आहे, असं मला तेव्हापासून वाटू लागलं. त्याच आठवड्यात महिन्याचा किराणा भरायचा होता. मी नातीच्या हातात पिशवी दिली आणि तिला दालबाजारात नेलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कराची छावणी टाकली. ती पुढे उठलीच नाही. तिचंच लश्कर नावाचं शहर झालं. इथे अजून चिटनीस की गोठ आहे, निंबालकर की गोठ आहे, पाटनकर बाज़ार आहे, खासगी बाज़ार आहे. सरदार गेले, त्यांच्या नावाच्या गल्ल्यांत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दालबाजार हा या सगळ्यातला ठोक व्यापाराचा भाग. डाळ, साखर, तेल, तूप, सुका मेवा. सकाळी अकरानंतर तिथे पायी चालायचं म्हणजे एक पाय हातगाडीच्या चाकाखाली आहे असं समजूनच चालावं. भाव क्विंटलचा, माल कट्ट्याचा, दलाली पाव टक्क्याची. शेठजी आम्हाला चिल्लर माल देतात तो केवळ त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांना दिला होता म्हणून. व्यवहार म्हणून आमचं गिऱ्हाईक त्यांना परवडत नाही आणि हे ते दर महिन्याला गोड शब्दांत सांगतात.

मी यादी वाचली. "पौने दो किलो तुअर, ढाई किलो चना दाल, सवा किलो मूंग, डेढ़ पाव उड़द."

शेठजींनी मुलाला माल काढायला सांगितला, फोनवर कोणालातरी भाव दिला, एका हमालाला रागावले आणि त्याच दमात म्हणाले, "आधा पाव कम छह किलो. भाऊसाहब, थैला मज़बूत है न?"

नातीचा आ वासलेला. ती गद्दीजवळ सरकली. "अंकल, एलसीएम कितना लिया?"

"एलसीएम?" शेठजींनी क्षणभर विचार केला. "वो माल हमारे यहाँ नहीं आता, बिटिया. लोहिया बाज़ार में पूछ लो."

लोहिया बाजार लोखंडाचा आहे. तिथेही मिळाला नसता.

मी शेठजींना पोरीची अडचण सांगितली. त्यांनी हातातलं पेन कानामागे ठेवलं, याचा अर्थ पाच मिनिटं धंदा बंद. शेजारच्या गोणीतून त्यांनी तुरीचा एक अख्खा दाणा काढला, एक डाळ काढली. "मैडम कहती होंगी, आधा और आधा एक. है न? मिल वाले से पूछो. वो कहेगा, आधा और आधा पौन."

हे मात्र अगदी खरं आहे. क्विंटलभर तूर मिलमध्ये टाकली की डाळ हातात पडते सत्तर ते पंचाहत्तर किलो. दाण्याचे दोन अर्धे झाले आणि पाव कुठे गेला? साल गेली, चुनी गेली, भुगा गेला. ते गाई-म्हशींच्या दाणीत जातं. म्हणजे अर्धा अधिक अर्धा बरोबर पाऊण, आणि उरलेला पाव म्हशीला. नातीनं हे वहीत लिहून घेतलं. मी ते नंतर खोडायला लावलं. शाळेत म्हैस चालत नाही.

घरी आल्यावर तिनं शेठजींचा हिशेब शाळेच्या पद्धतीनं करून पाहिला. १ ३/४, २ १/२, १ १/४ आणि दीड पाव म्हणजे ३/८. छेद ४, २, ४, ८, लसावि ८. मग १४/८, २०/८, १०/८ आणि ३/८. बेरीज ४७/८. म्हणजे ५ ७/८. म्हणजे सहाला एक अष्टमांश कमी. म्हणजेच सहा किलोला अदपाव कमी. पोरगी उठून उभी राहिली. "आबा! सेम आलं!" लसावि आठ काढला म्हणजे काय केलं, हेही तिला तिथेच दिसलं: सगळी डाळ अदपावाच्या मापानं मोजली. सत्तेचाळीस अदपाव भरले. शेठजींनी एलसीएम घेतला नव्हता असं नाही. तो त्यांच्या तराजूशेजारी वजनांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान वजन होऊन बसला होता.

पण शेठजींना मी जितके गुण देतो तितकेच काढूनही घेतो, कारण बाजारानं या बाबतीत मोठी लबाडी केलेली आहे. त्यानं अवघड अपूर्णांक दुकानाच्या पायरीवर चढूच दिलेले नाहीत. शेराचे सोळा छटाक. अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक: प्रत्येक वेळी निम्मं करत खाली या. तिकडे महाराष्ट्रात दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. सगळे छेद दोनाच्या कुळातले. एकाच गोत्रातली भावकी. कोणाचीही कोणाशी बेरीज करा, मोठा छेद लहानाला पोटात घेतो आणि काम भागतं. सारं शहर धुंडाळलंत तरी "दोन सप्तमांश किलो मसूर द्या" असं म्हणणारा माणूस तुम्हाला भेटणार नाही. भेटलाच तर तो गणिताचा मास्तर असेल आणि त्याला उधार मिळणार नाही.

लिहिण्याची रीतही तशीच. जुन्या वह्यांत, मोडीत काय आणि इकडच्या महाजनी बहीखात्यात काय, पाव म्हणजे एक उभा दंड, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आता दीड आणि पाऊण यांची बेरीज करायची तर काय करायचं? काठ्या मोजायच्या. दोन आणि तीन पाच. चारांची मोळी बांधून एक पूर्ण, हाताशी एक काठी उरली. २।. सव्वादोन. यात अंश नाही, छेद नाही, आडवी रेघ नाही, फुलपाखरू तर नाहीच. शिंदेशाहीच्या दफ्तरातल्या कारकुनाला भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते का असं विचारलं असतं तर त्यानं बहुधा कानांवर हात ठेवले असते, आणि तेच करत त्यानं सगळ्या संस्थानाचा वसूल जमवला होता.

आमच्या आईच्या पिढीनं तर याचे पाढेच केले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. दिवेलागणीला शुभंकरोति झाली की परवचा, आणि परवच्यात औटकी: सात औटं साडेचोवीस, आठ औटं अठ्ठावीस. इकडच्या हिंदी शाळांत याहून वरचे मजले होते. तिथे साडेचाराचा 'ढौंचा' पाठ करायला लागे. मुलं रडत, पण बेरजेत चुकत नसत. हे मी जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही. औटकी पाठ असलेल्या आमच्या एका मामांना जन्मभर एवढंच सिद्ध करता आलं की भाजीवाला त्यांना फसवतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्याच्या तोंडात पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द लहानपणीच बसले, त्याला अपूर्णांक म्हणजे मोडका आकडा वाटत नाही. तो त्याला आकड्यांच्या रांगेतलाच एक गृहस्थ वाटतो. आज मुलं 'साडेएक' म्हणतात, 'साडेदोन' म्हणतात. ऐकून मला पूर्वी राग यायचा. आता मी फक्त दीड मिनिट गप्प बसतो.

शाळेची बाजूही घ्यायला हवी, नाहीतर शेठजी उगाच भास्कराचार्य ठरतील. खुद्द भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती लिहिली, तेव्हा त्यांनी दोनाच्या कुळाबाहेरचे सगळे छेद बेधडक घेतले. त्यांचा एक कंजूष आहे. भिकारी दारात आला तेव्हा यानं द्रम्म नावाच्या नाण्याच्या चौथ्या भागाच्या सोळाव्या भागाच्या पाचव्या भागाचे तीन चतुर्थांश, त्याचे दोन तृतीयांश आणि त्याचा अर्धा, इतकं दान केलं. एका द्रम्माच्या १२८० कवड्या. तर त्यानं किती कवड्या दिल्या? सगळी छेदांची उतरंड उतरून खाली आलात की उत्तर येतं: एक. एक कवडी द्यायला माणसानं एवढं गणित केलं! दालबाजाराचं आणि याचं काहीतरी जुनं नातं असावं. नात हे ऐकून खो खो हसली, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांना ती तेव्हापासून 'एक कवडी अंकल' म्हणते.

पण मला बेरजेसाठी हवं होतं ते भुंग्यांचं गणित. थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, त्या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुड्याच्या झाडावर, आणि एक भुंगा दोन सुवासांच्या मध्ये घुटमळत राहिला. तर भुंगे किती? आता ही बेरीज पाचाची आणि तिनाची. शेठजींच्या वजनांत ती बसत नाही. इथे पंधरा घ्यावे लागतात. पाचवा भाग म्हणजे पंधरांतले तीन, तिसरा म्हणजे पाच, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा चौदा. राहिला एक, तोच तो घुटमळणारा. आणि पंधरा हा नुसता छेद राहत नाही, तो प्रत्यक्ष थवाच आहे. समच्छेद का करायचा, हे मला इतक्या स्वच्छ कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नाही. पाठ्यपुस्तकांत पिझ्झा असतो. पिझ्झ्याचे तुकडे दुकानातून आठच येतात आणि पाचवीतल्या मुलाला माहीत असतं की बेरीज करेपर्यंत एक तुकडा बाबांनी खाल्लेला असतो.

गंमत पुढेच आहे. आमच्या नातीला तीन आणि दोनाची बेरीज आधीच येत होती, फक्त ती वहीत येत नव्हती. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालगायकीचं गाव. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथे गांधर्व विद्यालय काढलं. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. अशा गावात मराठी घरातली मुलगी गाण्याच्या क्लासला जात नाही तर शेजारी आजार विचारायला येतात. तर आमची नात हातानं तीनताल धरून दुगुन म्हणते, तिगुन म्हणते, आणि हल्ली आडलयही, म्हणजे दीडपट. दोन मात्रांच्या जागेत तीन अक्षरं, प्रत्येकाला २/३ मात्रा. आणि तिसरं अक्षर संपलं की टाळी बरोब्बर पडते. २/३ + २/३ + २/३ = २. हे ती चालता चालता, जिना उतरताना, दात घासताना करते.

मी विचारलं, "दुगुनीतलं एक अक्षर केवढं?"

"आधी मात्रा."

"तिगुनीतलं?"

"एक तिहाई."

"आता एक दुगुनीतलं म्हण आणि लगेच एक तिगुनीतलं. मात्रेचं किती संपलं?"

तिनं मांडीवर बोटं आपटली. आधी नुसती, मग मात्रेचे सहा बारीक ठोके करून. तीन ठोके पहिल्याचे, दोन दुसऱ्याचे. "पाच. एक ठोका वाचला." मग एकदम डोळे मोठे करून, "पाच बटा छह! म्हणजे टू बाय फाइव्ह नव्हतंच!"

नव्हतंच. हे सांगायला शाळेनं दीड महिना, सूनबाईंनी चार रविवार आणि पुण्याच्या फुलपाखरानं दोन जीबी डेटा घेतला होता.

आता कोणी विचारेल, की बाजारात दोनाच्या कुळावर भागतं आणि गाणं सगळ्यांना शिकायचं नसतं, तर मुलांना पाच-सातांच्या छेदांनी छळायचं कशाला? याचं उत्तर जुन्या लश्करातला कुठलाही वाडा देईल. वारस दोनाच्या कुळात जन्माला येत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका वाड्यात तीन पात्या. थोरल्या पातीचं म्हणणं, आजोबांनी तोंडी अर्धा वाडा आम्हाला दिला. मधली म्हणते, कायद्यानं तिसरा हिस्सा आमचा. धाकटीकडे पाव वाड्याचा कागद आहे, मोडीतला, आणि तो वाचता येणारं घरात कोणी नाही, म्हणून तो निर्विवाद मानतात. १/२ + १/३ + १/४. लसावि बारा. सहा, चार आणि तीन तेरा. वाडा एक, हक्क तेरा बारांश. जो बारावा भाग वाड्यात नाही त्यासाठी ही मंडळी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत आहेत. एकदा मोजणीदार आला तेव्हा तो भाग आडामागे सापडला असं क्षणभर वाटलं होतं, पण ती शेजाऱ्याची संडासची जागा निघाली. पाचवीत समच्छेद नीट झाला असता तर तिन्ही घरांचे वकिलाचे पैसे वाचले असते. वकिलाला मात्र तो उत्तम येतो.

सतरा उंटांच्या गोष्टीत याच्या उलट. बाप सांगून गेला, थोरल्याला अर्धे, मधल्याला तिसरा भाग, धाकट्याला नववा. ९/१८, ६/१८, २/१८. मिळून सतरा अष्टादशांश. बापाच्याच बेरजेत एक भाग कमी होता, म्हणून शहाण्या म्हाताऱ्याला स्वतःचा उंट मिळवून वाटणी करता आली, नऊ, सहा, दोन, आणि आपला उंट घेऊन घरीही जाता आलं. (लश्करात ऊंटपूल आहे. त्याचा या उंटांशी काही संबंध नाही. पण नातीनं ठरवून टाकलंय की आहे, आणि मी वाद घालत नाही.)

हे गाव आकड्यांच्या बाबतीत मुळात भाग्यवान आहे. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात देवाच्या बागेचं माप आहे, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज देवाला ५० माळा द्यायच्या असं कोरलेलं आहे. त्या २७० आणि ५० मधलं शून्य बघायला जगभरचे लोक येतात. मी ते पाहून आलो तेव्हा माझ्या मनात आलं ते वेगळंच: देवाच्या हिशेबात कुठे पाव नाही, पाऊण नाही. सगळं पूर्ण. अपूर्णांकाचा व्याप किल्ला उतरून खाली आल्यावर सुरू होतो.

आणि खाली तो सरकारनं आणखी वाढवला. १९५६ च्या कायद्यानं मापं-वजनं दशमान करायचं ठरलं, १९५८ पासून किलो आला, १९६२ पर्यंत शेर बाजारातून उठला. पण पाव उठला नाही. शेराचा चौथा भाग तो पाव. शेर गेला तरी याचं चाललंच आहे. शेराच्या वेळी तो सुमारे २३३ ग्रॅमचा होता. किलोच्या घरी दत्तक गेल्यावर २५० चा झाला. पूर्णांक वारला आणि अपूर्णांक सतरा ग्रॅमनं सुधारला.

पैशांचं मात्र तसं झालं नाही. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या तोवर रुपया तिघा भावांत वाटता येई: प्रत्येकी ५ आणे ४ पै. दोन काय, तीन काय, चार, सहा, आठ, कोणीही मागा. १ एप्रिल १९५७ ला, तारीख मुद्दाम लक्षात घ्या, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि तिघा भावांची पंचाईत झाली. शिवाय आण्याचे नवे पैसे करायला सरकारनं जो तक्ता काढला त्यात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५. नात तो तक्ता बघून म्हणाली, "आबा, गव्हर्मेंटला पण सुधारणेस वाव आहे." सहा आणि सहा बारा, बारा आणि सहा एकोणीस! आमच्या पिढीनं याच तक्त्यावर दूध, पेपर आणि पोस्टाची तिकिटं घेतली, आणि त्यातून जो उठला त्याला पुढे कशाचंच भय राहिलं नाही.

शिंद्यांच्या टाकसाळीची तांब्याची पाव आण्याची नाणी इथल्या जुन्या घरांत देवघरातल्या डबीत अजून सापडतात. त्यांचं जाऊ द्या. भारत सरकारची चवन्नी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली. तेव्हापासून या देशात पाव रुपया कायद्यानं अस्तित्वात नाही. मुलांना तो फक्त वहीत भेटतो, ०.२५ म्हणून. अर्धा रुपया मात्र आहे. पन्नास पैशांचं नाणं आजही कायदेशीर चलन आहे, ते नाकारता येत नाही. आमच्याकडे अशी एक डबीभर नाणी आहेत. नातीनं त्यांची बेरीज केली, बिनचूक. दालबाजारात, पाटनकर बाजारात किंवा गावात आणखी कुठे कोणी ती घेत असेल, तर दुकानाचा पत्ता जरूर कळवा.